लवंग-दालचिनीचा अर्क असलेल्या पाकिटात शेंगाचटणी जास्त टिकते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा बचत गट सोलापुरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुण्या-बेंगळुरूला पाठवतो, पण दीड-दोन महिन्यांत चटणीला खवट वास येतो. चटणीत प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं नाही, मग वनस्पतींचे अर्क मिसळलेली पाकिटं घ्यावीत का? मी सोलापुरातच खाद्यपदार्थ तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. लवंग-दालचिनीच्या पाकिटावर आत्ता पैसे घालू नका.

ती पाकिटं खोटी असतात असं नाही. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, ओव्यातलं थायमॉल ही द्रव्यं उडून पाकिटातल्या हवेत पसरतात आणि बुरशीला, जिवाणूंना रोखतात. पाव, पनीर, कापलेली फळं अशा ओलसर पदार्थांना त्यांचा खरा उपयोग. चटणी कोरडी असते, बुरशी धरायला लागेल एवढं पाणीच तिच्यात नसतं. ती बिघडते प्राणवायूमुळे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल. दाणे भाजून कुटले की ते तेल उघडं पडतं, हवेशी त्याची प्रक्रिया सुरू होते आणि त्यातून हेक्झानलसारखी द्रव्यं तयार होतात. खवट वास येतो तो त्यांचा. उजेड, उष्णता, लोखंड-तांब्याचे अंश या सगळ्यांनी हा वेग वाढतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो.

म्हणजे तुम्हाला हवीत ती तेलाचं हे ऑक्सिडेशन अडवणारी द्रव्यं. रोझमेरीच्या पानांतलं कार्नोसिक आम्ल हे करतं. युरोपात रोझमेरीचा अर्क ई ३९२ या क्रमांकाने अन्नात वापरायला परवानगी आहे. ई जीवनसत्त्वही हेच काम करतं. ही दोन्ही तेलात विरघळतात, म्हणून पाकिटाच्या आतल्या थरातून चटणीच्या तेलात उतरू शकतात. पण पाकिटाला चिकटलेल्या चटणीलाच त्यांचा फायदा जास्त, मधल्या चटणीपर्यंत फारसं काही पोचत नाही. आणि जे उतरतं ते शेवटी चटणीतच आलं, हेही ध्यानात असू द्या.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा वाटते ती डाळिंबाच्या सालीची. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि रस काढल्यावर उरणाऱ्या सालीत प्युनिकालाजिनसारखी टॅनिन, म्हणजे ऑक्सिडेशन अडवणारी तुरट द्रव्यं, भरपूर असतात. फेकून दिल्या जाणाऱ्या सालीला मोल आलं तर शेतकऱ्याच्याही हातात दोन पैसे पडतील. पण ही टॅनिन पाण्यात विरघळतात, तेलात नाही, आणि ती उडूनही जात नाहीत. कोरड्या चटणीच्या पाकिटात ती जागची हलणार नाहीत. फळांवरचा लेप, मांसाची पाकिटं अशा ओल्या कामाला ती योग्य.

तुम्हाला कोणी 'हर्बल फिल्म' विकायला आलं तर नेमकं द्रव्य कोणतं आणि ते कसं घातलंय, एवढं विचाराच. पॉलिथिनची फिल्म बनवताना ते दीडशे अंशांच्या बरंच वर तापवतात. त्या उष्णतेत सुगंधी तेलं बरीचशी उडून जातात. म्हणून चांगले उत्पादक ती सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये (स्टार्चपासून बनवलेल्या, वास धरून ठेवणाऱ्या पदार्थात) कोंडतात, नाहीतर आतून लेप देतात. शिवाय मायग्रेशनचा, म्हणजे पाकिटातून अन्नात किती द्रव्य उतरतं त्याचा, अहवाल मागा. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लॅस्टिकमधून अन्नात एकूण उतरणाऱ्या द्रव्यांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे.

आता आधी करायचं ते. पारदर्शक पिशवी बंद करा, अॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेला पाउच घ्या. उजेड आणि हवा दोन्ही अडतात. आत ऑक्सिजन शोषणारी पुडी टाका, मात्र ती कोरड्या पदार्थासाठीची मागा, कारण साध्या पुडीतल्या लोहचूर्णाला काम करायला ओल लागते. आणि सीलकडे बघा. माझ्याकडे येणाऱ्या पाकिटांत बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. भरताना चटणीचा तेलकट कण तोंडाशी चिकटतो, मशीन त्यावरूनच दाबलं जातं आणि केसाएवढी फट राहते. वरून काही दिसत नाही. पाकीट पाण्यात बुडवून दाबलं की त्या जागेतून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. नरसाळ्याने भरा, तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसा, मग सील करा.

काळपट, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे भाजण्याआधीच निवडून टाका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही आणि कुठलंही पाकीट ते काढू शकत नाही. हे मी तुम्ही न विचारता सांगतेय, पण खाणाऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

हे सगळं केल्यावर एकाच वेळी कुटलेली चटणी जुन्या पिशवीत, फॉइलमध्ये आणि पुडी टाकलेल्या फॉइलमध्ये भरा आणि घरातल्या गरम खोलीत ठेवा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकातलं एकेक नवं पाकीट फोडून वास घ्या. जमलं तर प्रयोगशाळेत पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवट होऊ लागलंय याचं माप, काढून घ्या. फॉइल आणि पुडी वापरूनही चटणी हवे तितके महिने टिकली नाही, तर रोझमेरीच्या थराचा विचार करता येईल.

कडक भाकरीला यातलं काही लागत नाही. ती हवेतली ओल ओढून मऊ पडते, तिला ओल आत येऊ न देणारं, घट्ट बंद पाकीट पुरेसं आहे.