उन्हाने तांबूस पडलेला शेपटा

प्रश्न : नोकरीसाठी मी रोज कोथरूडहून हडपसरला दुचाकीने जाते आणि कामानिमित्त भर दुपारीही बाहेर पडावे लागते. माझा शेपटा कमरेपर्यंत आहे. अलीकडे त्याची टोके तांबूस आणि राठ झाली असून त्यांना फाटे फुटले आहेत. खोबरेल तेल लावून निघाले की ऊन बाधत नाही, असे सासूबाई म्हणतात. मैत्रीण केसांसाठी मिळणारा सनस्क्रीनचा स्प्रे सुचवते. नेमके काय करावे?
— एक वाचक भगिनी, कोथरूड

उत्तर : केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे आपल्या शेपट्याच्या टोकाने निदान पाच-सहा उन्हाळे सोसलेले आहेत. त्वचा भाजली तर काही दिवसांत नवी येते. केसाचा डोक्याबाहेर आलेला भाग मात्र निर्जीव असतो आणि त्याची झालेली झीज तो स्वतः भरून काढू शकत नाही. शेपट्यातला एक लांब केस खिडकीच्या उजेडात धरून पाहा : मुळाशी तो काळाभोर आणि गुळगुळीत दिसेल, टोकाकडे तपकिरी होत गेलेला आणि बोटांना खरखरीत लागेल.

केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन अतिनील किरण स्वतः शोषून घेते आणि आतल्या केराटिन या प्रथिनाचे रक्षण करते, पण ते करताना त्याचाही ऱ्हास होतो. टोके तांबूस दिसतात ती त्यामुळेच. त्याच वेळी केसावरचे कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ थर उचकटू लागतात, वरचा नैसर्गिक स्निग्ध लेप जातो आणि केराटिनला बळकटी देणारे गंधकाचे बंध तुटतात. पांढऱ्या केसांत मेलॅनिनच नसल्यामुळे ते उन्हात पिवळट पडतात. हेअर कलर किंवा ब्लीच केलेले केस आधीच कमकुवत झालेले असतात, म्हणून तसे काही मनात असल्यास ते मार्च ते मे या काळात टाळावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता तेलाविषयी. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात. केस धुताना होणारी प्रथिनांची हानी खोबरेल तेलाने कमी होते, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने होत नाही, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. सासूबाईंच्या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढे. न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल जरूर लावावे, पण त्याला छत्री समजू नये. तेल चोपडून रस्त्यावर निघाल्यास वर धूळ बसते ती वेगळीच. स्प्रेवरील एसपीएफचा आकडा त्वचा लाल होण्यावरून ठरवलेला असतो आणि केस काही लाल होत नाहीत, त्यामुळे तो आकडा पाहून महागडी बाटली घेण्यात अर्थ नाही. न्हाल्यावर कंडिशनर लावल्याने घर्षण आणि गुंता कमी होतो, तो खर्च मात्र सार्थकी लागतो.

खरे रक्षण कापडच करते. पुण्यात दुचाकीवरच्या मुली चेहरा आणि डोके स्कार्फने घट्ट बांधतात, वर हेल्मेट असते, आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत झिजलेला शेपटा पाठीवर उघडा लोंबत राहतो, हे दृश्य कर्वे रस्त्यावर कुठल्याही दुपारी दिसते. शेपटा सैल गुंडाळून सनकोटाच्या आत घ्यावा किंवा त्यावर दाट विणीचे, गडद रंगाचे सुती कापड बांधावे. विरळ विणीच्या पांढऱ्या ओढणीतून किरण बरेच आत येतात. सकाळी न्हाऊन ओले केस तसेच बांधून निघणेही टाळा, कारण ओला केस फुगलेला असतो आणि ताण पडताच तुटतो. फाटे फुटलेली दोन-तीन इंच टोके कापून घ्या. ती कुठल्याही उपायाने पुन्हा सांधली जाणार नाहीत.

प्रश्न : वय अडुसष्ट. टाळूवरचे केस विरळ झाले असून उन्हात तेथे आग होते. टोपी पुरेशी आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या बाबतीत केसांपेक्षा डोक्याच्या त्वचेची काळजी अधिक महत्त्वाची आहे. पुण्यात सूर्य माध्यान्ही येतो तो साडेबाराच्या सुमारास, आणि १३ मेच्या आसपास तर तो इतका थेट डोक्यावर असतो की उभ्या काठीची सावलीही नाहीशी होते. गांधी टोपीने टाळू झाकली जाते, पण कान आणि मान उघडे राहतात, म्हणून चहूबाजूंनी काठ असलेली टोपी वापरावी. टोपी काढावी लागणार असेल, तर टाळूवर आणि कानांवर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. टाळूवर खरखरीत, खपली धरणारा चट्टा किंवा काही आठवडे न भरणारी जखम दिसल्यास घरगुती लेप लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.