हॅलिफॅक्सला निघण्याआधी

प्रिय मुली,

तुझा मेसेज मिळाला. व्हिसा आला हे वाचून आनंद झालाच, पण त्याखाली तू जे लिहिलंयस ना, "बाई, लग्नानंतर आम्ही एकूण अकरा दिवस एकत्र राहिलोय आणि आता मी कायमची चाललेय, मला रात्री झोप लागत नाही", ते वाचून मी दोन दिवस काही टाइपच केलं नाही. दोन ओळीत उत्तर द्यायची ती गोष्ट नाही म्हणून हे पत्र लिहितेय, सावकाश वाच.

तू कॅनडात हॅलिफॅक्सला चाललीस हे कळलं आणि मला एकदम फेब्रुवारी 1946 आठवला. दहावीला मी तुम्हाला दुसरं महायुद्ध शिकवलं, त्यात हिटलर होता, नॉर्मंडी होती, हिरोशिमा होतं, पण युद्धात कॅनडाच्या सैनिकांशी लग्न करून मग बोटीने त्यांच्याकडे गेलेल्या परदेशी बायका, म्हणजे वॉर ब्राइड्स, नव्हत्या. त्या शिकवायच्या राहून गेल्या ते आज सांगते, कारण तू ज्या गावात उतरणार आहेस तिथेच त्यांच्यातल्या हजारो जणी बोटीतून उतरल्या, आणि बहुतेकींची अवस्था तुझ्यासारखीच होती, नवरा ओळखीचा पण त्याचं घर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

झालं असं की डिसेंबर 1939 मध्ये कॅनडाच्या सैन्याची पहिली तुकडी ब्रिटनमध्ये उतरली आणि जानेवारी संपायच्या आत इंग्लंडमधल्या अल्डरशॉटच्या लष्करी छावणीच्या भागात पहिलं लग्नसुद्धा लागलं. पुढची पाच-सहा वर्षं ही पोरं तिथेच होती. नाचाच्या हॉलमध्ये ओळख, मग पत्रं, मग रजा मिळेल तशी भेट, कमांडिंग ऑफिसरची परवानगी, आणि लग्न. लग्नानंतर दोन-चार दिवस एकत्र, की तो परत आघाडीवर. युद्ध संपलं तरी आधी सैनिक घरी गेले, बोटींमध्ये पहिली जागा त्यांना, बायका मागे थांबल्या, कुणी सहा महिने कुणी वर्षभर, पदरात पोर घेऊन आईवडिलांच्या घरी. तुझे व्हिसाचे चौदा महिने गेलेत, त्यामुळे हे थांबणं काय असतं ते मी तुला सांगायला नको.

कॅनडा सरकारने 1944 मध्ये लंडनला या बायकांसाठी वेगळं ऑफिसच काढलं, कॅनेडियन वाइव्ज ब्युरो. ते कागदपत्रं बघायचं, बोटीत जागा द्यायचं, माहितीची पुस्तिका द्यायचं, आणि घरापासून थेट नवऱ्याच्या गावापर्यंतचं भाडं सरकारचं. सगळे मिळून सुमारे 43 हजार बायका आणि 21 हजार मुलं अशी गेली, बहुतेक ब्रिटनच्या, काही हॉलंड-बेल्जियमच्या. पण लक्षात घे, हे तिकीट एका बाजूचं होतं. जाताना फुकट, परत यायचं झालं तर पैसे स्वतःचे, आणि ज्या बाईकडे स्वतःचा पैसाच नाही तिला ते तिकीट म्हणजे काय हे नंतर, एखाद्या हिवाळ्यात, कळायचं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की परतीच्या विमानाचं भाडं तुझ्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात असू दे आणि ते कशालाही मोडू नकोस, फ्रिज घ्यायलाही नाही नि गाडीच्या डाउन पेमेंटलाही नाही. याचा अर्थ तुझा नवऱ्यावर विश्वास नाही असा होत नाही. ज्या बाईला परत जाता येतं ती तिथे राहते तेव्हा स्वतःच्या मर्जीने राहते, एवढंच.

आता बोटीचं सांगते, कारण माझं मन तिथेच अडकतं. 5 फेब्रुवारी 1946 ला मॉरेटेनिया नावाची बोट लिव्हरपूलहून निघाली, फक्त या बायका-पोरांसाठी म्हणून मोठ्या प्रमाणावर सुरू झालेल्या फेऱ्यांमधली ही पहिली, आणि पाच दिवसांनी हॅलिफॅक्सच्या पिअर 21 या धक्क्याला लागली. त्याच सुमारास अमेरिकन सैनिकांच्या बायका घेऊन अर्जेंटिना नावाची बोट 26 जानेवारीला साउदॅम्प्टनहून सुटली ती 4 फेब्रुवारीला न्यूयॉर्कला पोचली. क्वीन मेरी, अक्विटानिया, लेटिशिया या सगळ्या बोटी युद्धात सैनिक नाहीतर जखमी वाहून नेत होत्या, त्यांच्यात आता बाळं आणि लंगोट. फेब्रुवारीतला अटलांटिक, बोट हलतेय, अर्ध्याहून जास्त जणी उलट्यांनी आडव्या, एका केबिनमध्ये कितीतरी जणी दाटीने, दोऱ्यांवर लंगोट वाळत घातलेले, एकीचं पोर रडायला लागलं की सगळ्यांची रडणार. आणि अशात जेवणाच्या टेबलावर पांढराशुभ्र पाव! युद्धात ब्रिटनमध्ये करड्या रंगाचा जाडाभरडा पाव मिळायचा, लोणी साखर सगळं रेशनवर, त्यामुळे म्हाताऱ्या झाल्यावर या बायकांना बोटीबद्दल विचारलं की कितीजणी आधी त्या पांढऱ्या पावाबद्दल बोलतात, नवऱ्याबद्दल नंतर.

मला त्या बोटीतलं जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तेवढे दिवस त्या कुणाच्या लेकीही नव्हत्या आणि कुणाच्या सुनाही नव्हत्या. आपल्यासारख्याच घाबरलेल्या शेकडो बायका आजूबाजूला. एकीचं बाळ दुसरी सांभाळायची. तिथे झालेल्या मैत्रिणी पुढे हजार-दोन हजार किलोमीटर लांब गेल्या तरी आयुष्यभर पत्रं लिहीत राहिल्या, आणि पुढे 1970 च्या दशकापासून त्यांनी आपापल्या प्रांतात संघटना काढल्या. तुझी बोट म्हणजे वीस-बावीस तासांचं विमान, त्यात कोण कुणाशी बोलतंय, सगळे स्क्रीनकडे बघत बसतात. म्हणून तुला ही बोट मुद्दाम तयार करावी लागेल. तिथे आपली मराठी माणसं भेटतील, गणपतीला बोलावतील, तिथे जा, पण तेवढ्यावर थांबू नकोस. तुझ्यासारखीच नवऱ्यामागून आलेली एखादी फिलिपिनो असेल, नायजेरियन असेल, पंजाबी असेल, लायब्ररीत, बसमध्ये, इंग्लिशच्या क्लासमध्ये, तिच्याशी पहिल्या महिन्यातच ओळख कर, आणि ही मैत्रीण तुझी हवी, नवऱ्याच्या मित्राची बायको म्हणून मिळालेली नको.

हॅलिफॅक्सला उतरल्यावर प्रवास संपायचाच नाही. धक्क्यावरूनच आगगाडी, रेडक्रॉसच्या बायका सोबत, आणि मग दिवसच्या दिवस बाहेर नुसता बर्फ आणि झाडं. व्हँकुव्हरकडे जाणारीला आणखी चार-पाच दिवस. मध्यरात्री कुठल्यातरी एवढ्याशा स्टेशनवर गाडी थांबायची, एक बाई बाळ घेऊन उतरायची, समोर तो उभा, आणि कितीजणींना पहिल्यांदा तो ओळखूच आला नाही, कारण त्यांनी त्याला कायम युनिफॉर्ममध्ये पाहिलेलं, आणि इथे हा साध्या कोटात, शेतावरून आलेला. या एका गोष्टीवर मी खूप विचार केलाय. तूही त्याला सुट्टीवर आलेला पाहिलंयस गं. भारतात आलेला, नवे कपडे, सगळ्यांना गिफ्ट, रोज बाहेर जेवण. त्याचा मंगळवार कसा असतो ते तुला माहीत नाही.

आणि ज्यांचे हाल झाले त्या बहुतेक इथेच फसल्या. त्याने सांगितलेलं असायचं मोठी शेती आहे, मोठं घर आहे, आणि प्रत्यक्षात लाकडाचं दोन खोल्यांचं घर, नळ नाही, लाइट नाही, संडास बाहेर, थंडी उणे तीसची, आणि त्याच घरात सासू, सासरा, धाकटे दीर. हो, एकत्र कुटुंब! लंडनमध्ये ट्राममधून फिरलेल्या मुली त्या. काहींच्या सासरी तर इंग्लिशसुद्धा बोलत नव्हते, क्विबेकमध्ये फ्रेंच, प्रेअरीत, म्हणजे मधल्या गवताळ प्रांतांत, युक्रेनियन. सगळेच नवरे खोटारडे होते असं नाही, काहींना ते घर खरंच मोठं वाटत होतं, सहा वर्षं परदेशात राहून घराची आठवण काढली की ते मोठंच दिसतं. पण ज्यांनी आधीच सांगितलं होतं की पाणी विहिरीवरून आणायचंय, आई कडक आहे, पहिला हिवाळा अवघड जाईल, त्यांच्या बायकाही रडल्याच, पण त्या त्याच्या बरोबर रडल्या, त्याच्यावर नाही.

कागदांचं एक सांगते. तेव्हा बायका-मुलांचं नागरिकत्व नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या जोरावर ठरायचं. 1 जानेवारी 1947 ला कॅनडाचा नागरिकत्वाचा कायदा लागू झाला आणि त्यातल्या अटींमुळे काही बायका आणि बोटीतून आणलेली बरीच मुलं कायद्याने नागरिक राहिलीच नाहीत, आणि हे त्यांना कळलं कधी, तर पासपोर्टला नाहीतर पेन्शनला अर्ज केल्यावर, म्हातारपणी. अशा लोकांना तिथे लॉस्ट कॅनेडियन्स म्हणतात. 2009 मध्ये कायदा बदलून बऱ्याच जणांना नागरिकत्व परत दिलं, तोवर काहीजण गेलेही होते. तुझी फाइल तुझ्याजवळ ठेव. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, डिग्री, लँडिंगचे पेपर, सगळ्याच्या स्कॅन कॉपी तुझ्या मेलवर, ज्याचा पासवर्ड फक्त तुला माहीत आहे अशा.

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं तुला माहीत आहेच, आत्ता जिथे गांधीनगर आहे तिथे 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यातल्या काहींचे नवरे ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश सैन्यात होते, आणि युद्धानंतर त्या मुंबईहून बोटीने त्यांच्याकडे इंग्लंडला गेल्या. त्या काही वॉर ब्राइड्स नव्हत्या, लग्नं आधीचीच, पण कितीतरी वर्षं न पाहिलेल्या माणसाकडे समुद्रावरून जायचं हे तेच. माझी आई त्या कॅम्पच्या रस्त्यावरून शाळेला जायची, ती सांगायची की त्या बायका कधी रिकाम्या हाताने बसलेल्या दिसायच्या नाहीत, कायम काहीतरी विणत असायच्या.

पिअर 21 ची इमारत अजून आहे, आता तिथे स्थलांतराचं राष्ट्रीय म्युझियम आहे. पहिल्या आठवड्यात जा. एकटी जा, त्याला नंतर ने.

आणि आज रात्री फोन होईल तेव्हा प्रेमाचं बोलून झालं की वही घेऊन बस. भाडं किती, घर कोणाच्या नावावर, रूममेट अजून आहे का, हीटिंगचं बिल कोण भरतं, कर्ज किती राहिलंय, तो सकाळी किती वाजता निघतो नि किती वाजता येतो, तू दिवसभर घरात एकटी असशील का, बसस्टॉप किती लांब. उत्तर देताना तो चिडला तर ते लिहून ठेव, हसत सगळं सांगितलं तर तेही लिही, आणि मला रविवारी फोन कर, तुझी वही समोर घेऊन आपण दोघी बसू.

तुझ्या बाई