लिगामेंटचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, रात्रभर गुडघा ठणकतो. पेनकिलरची सवय लागू नये म्हणून सहन करणं योग्य आहे का?

नाही, सहन करू नका. असह्य झाल्यावरच गोळी घ्यायची, हे तुम्ही करताय तेच मी केलं आणि पहिले दोन दिवस हकनाक भोगले.

फोंड्यात फुटबॉल खेळताना माझं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं. ऐन जूनमध्ये ऑपरेशन झालं, मांडीमागची हॅमस्ट्रिंगची कंडरा काढून नवं लिगामेंट बसवलं. पहिल्या रात्री ब्लॉकच्या इंजेक्शनने पाय बधिर होता. दुखतच नाही म्हणून मी गोळी टाळली. पहाटे ब्लॉक उतरला आणि मी ओरडलोच. दुखणं एकदा चढलं की गोळीला ते खाली आणायला फार वेळ लागतो. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस लिहून दिलेली गोळी घड्याळ बघून घ्या, दुखायची वाट बघू नका. थोडे दिवस सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या पॅरासिटामॉलने सवय लागत नाही. मात्र दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नका. ट्रॅमाडॉल या जास्त तीव्र पेनकिलरच्या एकत्रित गोळीत आणि सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. सूज उतरवणारी गोळी रिकाम्या पोटी नको. मी आधी वाटीभर पेज घ्यायचो. ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठ होतं, पाणी भरपूर प्या. ही गोळी मात्र गरजेपुरतीच, डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस.

ठणका बराचसा सुजेचा असतो. पाय छातीपेक्षा उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा, दिवसातून पाच-सहा वेळा. पावसात आमच्याकडे लाईट जायची, म्हणून आई बर्फ थर्मासात भरून ठेवायची.

उशी गुडघ्याखाली घेऊ नका! तिथे फार बरं वाटतं, आईनेही मायेनं तिथेच सारली होती. पण गुडघा वाकडाच राहतो आणि मग सरळ करताना जीव जातो. उशी टाचेखाली घ्या. व्यायामाच्या पाऊण तास आधी गोळी घेतलीत तर पाय सरळ करणं जमतं. दुखणं आवरायचं ते मुख्यतः यासाठीच, कारण पहिल्या आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर पुढे फार झगडावं लागतं.

घरात कोणीतरी तेलाची बाटली घेऊन येईलच. पोटरी चोळू देऊ नका, आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा टाक्यांतून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८.

माझ्या रात्री दहाव्या दिवसानंतर सुसह्य झाल्या. तुम्ही आज अंधार पडायच्या आत सर्जनना फोन करा आणि झोपतानाच्या गोळीची वेळ नक्की करून घ्या.