सॉल्ट लेकला येण्याआधी आणि बाप्तिस्म्याआधी: इंदूरच्या एका मुलीला उत्तर

तुझा मेसेज नीट वाचला. म्हणजे तुला ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीला युनिव्हर्सिटी ऑफ युटाला एमएसला यायचंय, गेले काही महिने तू मॉर्मन चर्चच्या (द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स) दोन मिशनरी मुलींशी व्हिडिओ कॉलवर बोलतेयस, त्यांचा धर्मग्रंथ बुक ऑफ मॉर्मन वाचतेयस, मनापासून पटतंय, आणि विचार असा आहे की इकडे पोचल्या पोचल्या बाप्तिस्मा घेऊन टाकायचा आणि सुदामानगरला आईबाबांना मग सावकाश सांगायचं. इकडे राहणाऱ्या मराठी माणसाने खरंखरं सांगा असं म्हणालीस, तर सांगते. मी इंदूरच्याच टिळकनगरची, लग्नानंतर इकडे आले, सॉल्ट लेकच्या दक्षिणेला सँडीला राहते. मी चर्चची मेंबर नाही, आमच्याकडे देवघर आहे, गणपती बसतो. पण माझ्या ताईचा मुलगा इकडे शिकायला आला आणि शिकता शिकता मेंबर झाला, ते सगळं अगदी जवळून बघितलंय म्हणून लिहितेय.

आधी माझं म्हणणं एका दमात सांगते मग कारणं. बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हे तुझं तू ठरव, त्यात मी पडणार नाही, पण पहिल्या वर्षात घेऊ नकोस, आणि आईला न सांगता तर मुळीच नको.

तुझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या ना की तिकडे पोरांना पकडून बाटवतात, तसं काही नसतं. ही माणसं खरंच चांगली आहेत. तू येशील तेव्हा कुणीतरी गादी आणून देईल, कुणी टेबल, बर्फ पडला की गाडीतून ग्रोसरीला नेतील, थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावतील, आणि त्यात खोट नसते. यांच्यात पगारी पुजारी नसतो, वॉर्डचा (चर्चच्या स्थानिक मंडळीचा) बिशप म्हणजे तिथलाच कुणी डेंटिस्ट नाहीतर शाळेतला मास्तर, आपली नोकरी सांभाळून फुकट हे काम करतो, प्रत्येकाला काही ना काही जबाबदारी दिलेली असते आणि नव्या माणसाला सांभाळणं हाही त्यातला भाग. तरुण सिंगल लोकांचे वॉर्ड वेगळे असतात, तिथे तुझ्याच वयाची पोरं भेटतील. ही मदत बिनधास्त घे, मीही घेतलीय. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, ती मदत बाप्तिस्मा घेऊन फेडायची नसते. कुणी तशी मागतही नाही, पण आपणच मनात हिशोब करायला लागतो, आपल्याकडची पोरं तर जास्तच, कारण कुणाचे उपकार ठेवायचे नाहीत हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं.

त्यात इकडचा हिवाळा. दोन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये गाव, थंडीत धूर धुकं खोऱ्यात अडकून बसतं, इनव्हर्जन म्हणतात त्याला, कधी कधी दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. इंदूरहून आलेल्या मुलीला, जिथे रात्री बाराला सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते, ते सहा वाजता सामसूम होणं फार अंगावर येतं. अशा वेळी रविवारी एका उबदार हॉलमध्ये पन्नास लोक नावाने हाक मारतात तेव्हा जे वाटतं ते खरं असतं, पण ती श्रद्धा आहे की एकटेपण उतरल्याचा आनंद आहे हे त्या महिन्यात कुणालाच कळत नाही, एक हिवाळा जाऊ दे, मित्रमैत्रिणी होऊ देत, मराठी मंडळींशी ओळख होऊ दे, साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात जाऊन ये, मग बघ अजून ओढ आहे का. असली तर ती तुझी. आणि ज्या दोन मुलींवर तुझा एवढा जीव जडलाय ना, त्यांचं मिशन, म्हणजे धर्मप्रचाराची सेवा, १८ महिन्यांचं असतं, मुलांचं २४, आणि मध्ये बदल्याही होत राहतात, म्हणजे तू येशील तोवर त्या दुसरीकडे असतील किंवा घरी गेलेल्या असतील. म्हणून त्या वगळून काय उरतं ते बघ.

मिशनरी तारीख फार लवकर विचारतात, अमुक रविवारी बाप्तिस्मा घेशील का म्हणून. त्यांच्या दृष्टीने ते प्रेमाचंच बोलावणं आहे, त्यामुळे राग मानू नकोस, पण 'मला वर्षभर वेळ हवाय' म्हणायला अजिबात लाजू नकोस. येत राहा म्हणतील, कुणी हाकलत नाही.

बाप्तिस्म्याच्या आधी एक इंटरव्ह्यू होतो. जोसेफ स्मिथ हा देवाचा प्रेषित होता हे मानतेस का, १८३० मध्ये त्याने सुरू केलेलं हेच परत आणलेलं खरं चर्च आहे हे मानतेस का, असं स्पष्ट विचारतात, आणि पुढचे नियम पाळशील का हेही. दारू तंबाखू नाही, चहा कॉफी नाही (मूळ १८३३ ची शिकवण आहे ती, ग्रीन टीसुद्धा चालत नाही, हर्बल चालतो), लग्नाआधी शरीरसंबंध नाही, कमाईचा दहावा हिस्सा चर्चला. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडून उपास, आणि ते वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे, हे मला स्वतःला फार आवडतं. दहाव्या हिश्शाचा मात्र आधी कागद पेन घेऊन हिशोब कर. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम, एवढीच कमाई, त्यातून दहा टक्के, आणि तिकडे बाबांच्या नावावर एज्युकेशन लोन. माझ्या भाच्याचं आणि ताईचं पहिलं मोठं भांडण धर्मावरून झालंच नाही, यावरून झालं. शेवटी त्याने बाहेरचं खाणं पूर्ण बंद केलं, लोनचे पैसे एकदाही चुकवले नाहीत आणि दहावा हिस्साही दिला, तेव्हा ताई गप्प झाली.

आता भाच्याचं सांगते कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. हा मुलगा शांत, अभ्यासू, लहानपणी आजोबांबरोबर रामरक्षा म्हणणारा. इकडे यायच्या थोडं आधी त्याचे बाबा गेले, अचानक. या चर्चची एक मोठी शिकवण अशी की कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं, टेंपलमध्ये (रविवारच्या चर्चहून वेगळं, खास विधींचं मंदिर) विधी करून नवराबायको, आईबाप आणि मुलं कायमची जोडली जातात. तो पहिल्यांदा ते ऐकून आला तेव्हा माझ्या किचनमध्ये बराच वेळ नुसता उभा होता आणि मग म्हणाला, मावशी, म्हणजे बाबा भेटतील. लोक म्हणतात ब्रेनवॉश केलं, मला ते ऐकवत नाही. त्याला जे हवं होतं ते त्याला तिथे मिळालं आणि त्याने ते पूर्ण विचार करून घेतलं, वर्षाहून जास्त वेळ घेतला, मध्ये इंदूरला जाऊन ताईच्या समोर बसून सांगितलं, आई मला हे करायचंय. ताई काही दिवस बोललीच नाही त्याच्याशी. सकाळी पोह्यांची प्लेट समोर ठेवायची आणि आत निघून जायची. त्याने चहा सोडलाय हे कळल्यावर तर सगळ्या नातेवाईकांत चर्चा, काका म्हणाले अमेरिकेला जाऊन लोक दारू प्यायला लागतात हा चहा सोडून आला. पण बघ, एवढं होऊनही ताईला 'तू माझ्यापासून लपवलंस' असं म्हणायची वेळ आली नाही. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका मुलाने लपवलं, त्याच्या आईला फेसबुकवर बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्यातला फोटो बघून कळलं, आणि त्या घरात अजून धड बोलणं नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढे आली आणि ती तुला कुणी आत्ता सांगणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे लोक मेलेल्या पूर्वजांसाठीही बाप्तिस्मा करतात, टेंपलमध्ये कुणीतरी जिवंत माणूस त्यांच्या नावाने पाण्यात उतरतो. त्यांचं मानणं असं की ज्यांना जिवंतपणी संधी मिळाली नाही त्यांना ती मिळावी, आणि तो आत्मा हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, जबरदस्ती नाही, त्या माणसाला मेंबर म्हणून मोजतही नाहीत. म्हणूनच वंशावळी शोधण्याचं एवढं प्रचंड काम ते करतात, फॅमिलीसर्च ही वंशावळीची वेबसाइट वगैरे सगळं त्यातूनच आलेलं. भाच्याने आजीला फोन करून घराण्याची नावं विचारायला सुरुवात केली, आजी खूश, कुणी तरी विचारतंय म्हणून, कुलवृत्तांत काढून पणजोबा खापरपणजोबांपर्यंत सांगत बसली. मग त्यानेच सांगितलं की आजी मी हे कशासाठी विचारतोय. त्यांचा नियमच आहे की जन्माला ११० वर्षं झाली नसतील तर सगळ्यात जवळच्या जिवंत नातेवाईकाची परवानगी लागते, म्हणजे बाबांसाठी ताईची आणि आजोबांसाठी आजीची. आजी म्हणाली, "तुझ्या आजोबांचं उज्जैनला सिद्धवटावर सगळं रीतसर केलंय मी, त्यांना आता कुठं बोलावू नकोस." ताईही नाही म्हणाली. त्याने ऐकलं. त्याला किती लागलं ते मी बघितलंय, ज्यासाठी आला तीच एक गोष्ट, बाबांशी जोडलं जाणं, अडली, पण आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. पितृपक्षात काका श्राद्ध करतात तेव्हा तो व्हिडिओवर असतो, विधी करत नाही, बाबांची एक आठवण सांगतो आणि मग पानं वाढतात. मार्ग निघाला, पण निघायला काही वर्षं गेली.

तुला मी हे घाबरवायला सांगत नाहीये. तू घराबाहेर एकटीने एक निर्णय घेतेयस असं तुला वाटतंय, पण याचा धागा श्राद्ध, गौरी, हळदीकुंकू, तुझं लग्न सगळीकडे जातो. लग्नाचंच बघ, टेंपलच्या आत फक्त मेंबर जाऊ शकतात, तेही बिशपची मुलाखत होऊन परवानगीचं कार्ड मिळालं तर, म्हणजे तुझे आईबाबा तिथे बाहेर बसतील. २०१९ पासून एक बरं झालंय की आधी सगळ्यांसमोर साधं लग्न करून नंतर टेंपलचा विधी करायला वर्षभर थांबावं लागत नाही. आरतीला उभं राहायचं की नाही, प्रसाद घ्यायचा की नाही, हेही तुलाच ठरवावं लागेल. भाचा उभा राहतो, टाळ्या वाजवतो, प्रसाद खातो, हात जोडत नाही. ते त्याने स्वतः ठरवलं आणि ताईला आधीच सांगितलं त्यामुळे चार लोकांत तमाशा झाला नाही.

कायद्याचं थोडक्यात. इंदूरला येऊन बाप्तिस्मा घ्यायचा विचार कधी आला तर मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, त्यात ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची अट आहे आणि त्यावर कोर्टात वाद चालू आहेत, तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय काही करू नकोस. पासपोर्टवर धर्म नसतो, त्यामुळे व्हिसाला फरक पडत नाही. धर्म बदलला म्हणून आईवडिलांच्या मालमत्तेतला तुझा स्वतःचा हक्क जात नाही, पण धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाईकांकडून वारसा मिळण्यात अडचण येते, हिंदू वारसा कायद्याचं कलम २६ वाच. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर ख्रिस्ती झाल्यावर ते संरक्षण राहत नाही, हे फार जणांना माहीत नसतं.

आणि ते मिशनवर जायचं लिहिलंस, शिक्षण मध्येच सोडून गेलीस तर एफ-१ स्टेटस संपतं, परत यायला नवीन आय-२० (युनिव्हर्सिटीकडून व्हिसासाठी मिळणारा कागद) पासून सुरुवात. डिग्री आधी. चर्चच्याच ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर घ्यायचं म्हणतेस, फी मेंबरला बरीच कमी आहे हे खरं, पण तिथे दरवर्षी धर्मगुरूची शिफारस लागते आणि ऑनर कोड, म्हणजे चर्चच्या शिकवणीप्रमाणे वागण्याचे नियम, सगळ्यांना आहे. उद्या तुझा विश्वास डळमळला तर सीट आणि सीटबरोबर व्हिसा दोन्ही धोक्यात, म्हणून श्रद्धा आणि व्हिसा एकाच खुंटीला टांगू नकोस. तू येतेयस त्याच युनिव्हर्सिटीत राहा, तिथे चर्चला जायला कुणी अडवत नाही आणि नाही गेलीस तर कुणी विचारत नाही.

आईला कसं सांगू विचारलंस. फोनवर नको, निघायच्या आधी घरी सांग, बाबा ऑफिसला गेल्यावर, पोळ्या लाटताना वगैरे, जिथे तिला लगेच तुझ्याकडे बघावं लागणार नाही. 'मी धर्म बदलतेय' असं सुरू करू नकोस, कारण अजून बदललेला नाहीस, 'मी हे वाचतेय, मला हे आवडतंय, वर्षभर काही करणार नाही आणि जे करीन ते तुला आधी सांगेन' एवढंच. ती रडेल, चिडेल, कदाचित जाऊ नकोस म्हणेल, तिला तेवढा वेळ दे. मी ताईशी बोललेय. ती तुझ्या आईला भेटायला तयार आहे, सुदामानगर काही तिच्यापासून लांब नाही, आणि जे मी इथून सांगू शकत नाही ते ती सांगेल कारण ती यातून गेलीय. तू आधी सांग आईला, मग मला कळव, मी ताईचा नंबर देते.