विचारा बिनधास्त : नर्व्हसाठी कार्बनच्या नळीची वाट बघायची का?

प्रश्न : महिन्याभरापूर्वी भाच्याचं मनगट टाइल्स कापायच्या कटरने कापलं. तेव्हा टाके घालून घरी पाठवलं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं अजून बधिरच आहेत. आता दुसरे डॉक्टर म्हणतात मिडियन नर्व्ह तुटलीय, पायातली नर्व्ह काढून तिथे लावू. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला की ग्राफीनच्या (म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराच्या) नळीने नर्व्ह आपोआप जुळते. ताई म्हणते वर्षभर थांबू, पोराचा पाय कशाला कापायचा. थांबावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, अजिबात थांबू नका. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि नर्व्हलाही, म्हणजे मेंदूचे संदेश ने-आण करणाऱ्या धाग्यांच्या दोरीलाही नस, त्यामुळे लोकांना वाटतं पाइप जोडला की लगेच पाणी सुरू. तसं नसतं हो. नर्व्ह तुटली की तुटल्या जागेपासून पुढचे धागे मरतात, मग मागच्या टोकातून नवे फुटतात आणि ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतात. मनगटापासून बोटाचं टोक १७-१८ सेंटीमीटर धरा, म्हणजे सगळं नीट झालं तरी सहा महिने तर कुठेच गेले नाहीत. आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो ना, तो नर्व्हशिवाय हळूहळू सपाट होत जातो, वर्ष-दीड वर्ष गेलं की धागा पोचूनही स्नायू दाद देत नाही. ताईंना दोन्ही हातांचे अंगठे शेजारी ठेवून बघायला सांगा, फरक कदाचित आत्ताच दिसेल.

पायातली का? तुटलेल्या टोकाला गाठ धरते, ती कापत कापत चांगले धागे दिसेपर्यंत मागे यावं लागतं आणि मधे फट पडते, ओढून शिवलं तर ताण येतो. पोटरीच्या मागची नर्व्ह काढली तर पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो, चालणं जात नाही. सौदा वाईट नाही. फट लहान असेल तर कोलॅजन नावाच्या प्रथिनाची नळी हाही पर्याय असतो, डॉक्टरांना विचारून बघा.

व्हिडिओ अगदीच खोटा नसेल, पण काळाच्या पुढे पळतोय. वाढणारा धागा आंधळ्यासारखा चाचपडत जातो, त्याला धरायला बारीक आणि वीज वाहून नेणारं काहीतरी मिळालं तर बरं, म्हणून कार्बन. २००० साली अमेरिकेत केंटकी विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर) चेतापेशी वाढवून दाखवल्या, २००५ मधे इटलीत ट्रिएस्टला दिसलं की अशा थरावर त्या एकमेकींना जास्त वेळा सिग्नल देतात. पण हे सगळं काचेच्या बशीतलं. माणसाच्या बाबतीत म्हणाल तर २०२४ मधे मँचेस्टरला मेंदूच्या ट्यूमरच्या ऑपरेशनमधे ग्राफीनचे इलेक्ट्रोड लावून बघितले, तेही सिग्नल ऐकायला, तुटलेलं जोडायला नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टर मनगटापासून पुढे बोटाने टकटक करत जातील. झिणझिण्या जिथे येतील तिथवर धागा पोचलाय समजा. दर महिन्याला ती जागा पुढे सरकली पाहिजे.

प्रश्न : नॅनोट्यूबने कॅन्सर होतो म्हणे, मग शरीरात घालतातच कशाला?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : ताई, भीती हवेतली नाही. २००८ मधे उंदरांच्या पोटात लांब, ताठ नॅनोट्यूब सोडल्या तर अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज आली, कारण सफाई करणाऱ्या पेशीला एवढी लांब सुई गिळताच येत नाही. आखूड किंवा गुंता झालेल्यांनी तसं केलं नाही. २०१४ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने एका विशिष्ट ताठ प्रकाराला ‘कॅन्सर होण्याची शक्यता’ असलेल्या यादीत टाकलं, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणाले. म्हणून संशोधक त्या सुट्या न सोडता जेलमधे किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यात घट्ट बसवतात. पण ते जेल पाच-दहा वर्षांनी झिजलं की आतल्या सुया कुठे जाणार, हे मीही पहिलं विचारेन.