पिकअप ठेवावी की एक्स्चेंजला द्यावी?

भाऊ, तुम्ही विचारलंत, २०१९ ची बोलेरो पिकअप ठेवावी की एक्स्चेंजला देऊन नवी घ्यावी. शोरूमला जायच्या आधी गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे न्या आणि खालून चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, बघा. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या गंजल्यात का, स्प्रिंगच्या पाट्या जिथे चेसिसला अडकवलेल्या असतात त्या हँगरजवळ तडा आहे का? क्लच बदलता येतो, इंजिनकामही होतं. पण चेसिस वेल्डिंगवर आली की मी गाडी ठेवत नाही. पहिली पिकअप मी जीव अडकल्यामुळे दोन वर्षं जास्त ठेवली आणि ऐन कांद्याच्या हंगामात ती भरलेली उभी राहिली.

चेसिस ठणठणीत असेल तर घाई नको. हप्ते फिटलेत, हे मोठं बळ आहे. तुमची बोलेरो बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांची आहे. नव्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी थोडा वेळ सलग पळावी लागते. तुमची फेरी शेत ते पिंपळगाव बाजार समिती, तीही थांबत थांबत. अशा फेरीत तो फिल्टर साफ होणं अवघड, हे लक्षात घ्या. मात्र २०२७ मध्ये आठ वर्षं भरतील, मग आरटीओची फिटनेस तपासणी दरवर्षी आणि वर पर्यावरण कर.

द्यायचीच ठरली तर जुन्या गाडीची किंमत आणि एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी दिल्याबद्दल मिळणारी वरची सूट, वेगवेगळे लिहून घ्या. आधी बाहेरचे दोन भाव काढा. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका, नवं नाव चढेपर्यंत मागे लागा. तोवर अपघात झाला तर कागदोपत्री मालक तुम्हीच. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. त्याचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या.