सीए-१२५ ९ वरून २३ झालं, आजार परतला का?

आईची अंडाशयाच्या कॅन्सरची केमो संपून आठ महिने झाले, सीए-१२५ (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन) ९ वरून २३ झालं आणि मधे लॅबही बदलली, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून आजार परतला असं म्हणता येत नाही. पण ‘३५ च्या, म्हणजे नॉर्मलच्या मर्यादेच्या, आत आहे ना’ म्हणून सोडूनही देऊ नका. उपचार झालेल्या बाईत ३५ पेक्षा तिचा स्वतःचा सगळ्यात खाली गेलेला आकडा जास्त बोलतो.

आधी लॅबचं बघा. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि तळाशी बारीक अक्षरात तपासणीची पद्धत लिहिलेली असते ती ओळ वाचा. यंत्र वेगळं असलं की त्याच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो. तीन-चार आठवड्यांनी जुन्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या; उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

हे प्रथिन पोटाच्या आणि फुप्फुसाच्या आवरणातूनही येतं. त्यामुळे पोटाचा टीबी, छातीत साठलेलं पाणी, यकृताचा सिरॉसिस, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कशानेही ते चढतं. आपल्याकडे टीबी तर विसरूच नये.

एकदा नॉर्मलला आलेल्या बाईत ७० किंवा त्यावर, तेही किमान आठवड्याच्या अंतराने दोनदा, आलं तर त्याला आजार वाढल्याची खूण मानतात. ३५ च्या खाली कधी आलंच नसेल, तर सर्वांत कमी आकड्याची दुप्पट धरतात. ९, २३, ३१ अशी चढणच दिसली तर ७० ची वाट न बघता सीटी स्कॅनबद्दल विचारा.

घाई मात्र नको. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५२९ बायकांवरच्या चाचणीत नुसता आकडा वाढला म्हणून लगेच केमो दिली, तरी त्रास सुरू होईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा आयुष्य वाढलं नाही. तरीही माझ्या मते आकडा बघत राहावं, कारण गाठ एकाच जागी सापडली तर काहींना पुन्हा ऑपरेशनचा फायदा होतो.

आणि पहिल्या ऑपरेशनआधीचा रिपोर्ट शोधा. तेव्हा सीए-१२५ वाढलेलंच नसेल, तर आता नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं याकडेच जास्त लक्ष ठेवावं लागेल.